विहिरीत पवणारं पोरगं शहरातल्या तलावावर नेताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तुमचं गाव आर्वीकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही लेकरं नागपूरला मामाकडे जाणार आहेत आणि मामाच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर सार्वजनिक जलतरण तलाव आहे. मुलगा ११ वर्षांचा, ‘विहिरीत मस्त पवतो’. मुलगी ८ वर्षांची, पाण्याला भिते. तलावावर पाठवावं का, औषधाच्या पाण्यानं डोळे आणि केस खराब होतात का, आणि मुलीची फार काळजी वाटते, तिचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा. दोघांनाही पाठवा. फक्त काळजीची वाटणी बदला. मुलीची थोडी कमी करा आणि ती मुलाच्या वाट्याला टाका.

मी एका जिल्ह्याच्या गावी तलावावर बावीस वर्षं काढली. आधी जीवरक्षक, मग प्रशिक्षक. घर अजून खेड्यातच आहे, आणि मी स्वतः विहिरीतच शिकलो. काकानं पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला, तोंड घट्ट बंद केलं आणि मागून ढकललं. दहा-बारा दिवसांनी डबा सुटला. त्यामुळे विहिरीला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तलावावर मला सगळ्यात जास्त धास्ती कोणाची असेल, तर ‘मले येते’ म्हणणाऱ्या पोट्ट्याची.

शेतातली बांधीव विहीर वीस-पंचवीस फूट रुंद. कुठूनही चार हात मारले की काठ लागतो. कपार, पायरी, पाइप, दोर, काहीतरी हाताला येतंच. पोरगं मुटका मारतं, वर येतं, डोकं बाहेर काढून कुत्र्यासारखे हातपाय झाडत काठाला लागतं, पुन्हा वर चढतं. दिवसभरात पन्नास उड्या होतात, पण एका दमात पोहणं होतं दहा फुटांचं. तलाव २५ मीटरचा असला तर ८२ फूट, ५० मीटरचा असला तर १६४. मध्ये धरायला काही नाही. डोकं वर ठेवून पोहलं की पाय खाली जातात, अंग पाण्यात जवळजवळ उभं राहतं, आणि पुढं जाण्याची सगळी ताकद तरंगत राहण्यातच खर्च होते. पंधरा मीटरला दम संपतो. त्या पोराला हे आधी कधी कळलेलंच नसतं, कारण विहिरीनं त्याला पंधरा मीटर कधी दिलेलेच नसतात.

एकदा असंच झालं. मे महिना, संध्याकाळची बॅच, तुमच्या मुलाच्याच वयाचा मुलगा. मी विचारलं, पोहता येतं का? म्हणाला, “येते ना सर. आमच्या इहिरीत तीन परस पानी हाये.” म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. मी हसलो आणि सोडलं. चूक माझी होती. तो उथळ बाजूनं निघाला, दोराखालून गेला आणि खोल भागात मध्यावर थांबला. आवाज नाही, हात हलवणं नाही. डोकं मागं पडलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, एकदा आत एकदा बाहेर, कपाळावरचे केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायचंही भान नाही. दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत होता, बाजेवर हात टेकून उठावं तसा. शेजारून जाणाऱ्या मुलीला वाटलं खेळतोय. मी उडी मारून त्याला काठाला आणेपर्यंत सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. त्याचा मामा पंधरा फुटांवर बाकावर होता, मोबाइलमध्ये. मी पोराला काठावर बसवलं तेव्हा मामानं मान वर करून विचारलं, “काय झालं?”

बुडणारा माणूस ‘वाचवा वाचवा’ म्हणत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. श्वास घ्यायलाच तोंड जेमतेम पाण्याबाहेर येतं, ओरडायला श्वास उरतो कुठं? लहान लेकरू असं २० ते ६० सेकंद झुंजतं आणि खाली जातं. म्हणून पाण्यात ओरडणाऱ्या पोराकडं मी एकदा बघतो, गप्प झालेल्याकडं दोनदा.

त्या दिवसापासून मी कोणाच्या शब्दावर जात नाही, परीक्षा घेतो. मामाला सांगा, तिथल्या प्रशिक्षकानं घेतली नाही तर त्यानं घ्यावी. कमरेएवढ्या पाण्यात मुलाला म्हणायचं, एक मिनिट उताणं तरंगून दाखव, हातपाय न झाडता. मग तलावाची रुंदी, मध्ये न थांबता. विहिरीतली दहापैकी आठ पोरं तरंगण्यातच नापास होतात. त्यांना पाण्यावर पडून राहता येत नाही, कारण तशी गरजच कधी पडलेली नसते. युक्ती साधी आहे. छाती भरून श्वास, कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, पोट वर. डोकं उचललं की पाय बुडतात. डोकं मागं टाकायला पोरं घाबरतात, म्हणून पहिले दोन दिवस मानेखाली कोणाचा तरी तळहात लागतो.

तुमच्या मुलीला हे चौथ्या-पाचव्या दिवशी जमेल. तिला जुनी सवय मोडायची नाही, आणि भीती आहे म्हणून ती सांगितलेलं ऐकेल. पहिले तीन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून फुगे काढणं. मग काठ धरून पाय मारणं, मग भिंतीला पाय लावून सरळ घसरणं. साधारण पंधरा-वीस दिवसांत रुंदी पार होते. भाऊ तोवर ‘मी तर आधीच शिकलेला’ म्हणून डोकं वर काढूनच पोहत असेल आणि ती त्याच्या पुढं निघून जाईल. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता अंदाज सांगायलाही कचरत नाही.

डोळे मिटून पाण्यात जायला मुली फार भितात. त्यांना मी कांचनमाला पांडे यांच्याबद्दल सांगतो. आपल्या अमरावतीच्या. दृष्टिहीन आहेत, आणि २०१७ साली मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. अशा शर्यतीत भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीनं जलतरणपटूला हलकेच टोचतो, त्यावरून वळायचं. हे ऐकलं की मुली एकमेकींना बोटानं टोचत खेळ करतात, आणि त्या खेळात डोळे मिटून तोंड पाण्यात घालणं आपोआप होऊन जातं.

आता मुलाच्या दोन सवयी घरूनच मोडून पाठवा. पहिली, पळत येऊन उडी. विहिरीत खाली तळ लागत नाही. तलावाच्या उथळ बाजूला पाणी असतं तीन-साडेतीन फूट आणि खाली फरशी. तिथं डोक्याकडून सूर मारला तर मान मोडते. अशी मान मोडलेला माणूस पुढं आयुष्यभर अंथरुणाला खिळून राहू शकतो. उडी मारायचीच तर खोल बाजूला, पाय खाली ठेवून, आणि प्रशिक्षकानं हो म्हटल्यावर.

दुसरी सवय म्हणजे बुडी मारून तळाशी कोण जास्त वेळ बसतो ही पैज. बुडी मारण्याआधी पोरं भराभरा सात-आठ मोठे श्वास घेतात. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ‘आता श्वास घे’ अशी तडफड आपल्याला हा वायू वाढल्यामुळेच होते. ती तडफड उशिरा होते, तोवर प्राणवायू संपतो, आणि पोरगं तळाशी बसल्या बसल्या बेशुद्ध पडतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, जिंकतोय. मी ही पैज दिसली की त्या दिवसापुरतं बाहेर काढतो, मग तो कोणाचाही भाचा असो.

तलावाचा तळ उताराचा असतो हेही दोघांना सांगा. जुन्या सार्वजनिक तलावांत एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला आठ-दहा फूट, कधी त्याहून जास्त. उतार मध्येच एकदम वाढतो. मुलं पायाच्या बोटांवर उड्या मारत पुढं सरकतात आणि एका पावलाला जमीन नाहीशी होते. तिथं तरंगत्या गोळ्यांचा दोर बांधलेला असायला हवा. दोर नसेल तर मामानं स्वतः त्या रेषेवर उभं राहायचं. मुलगी हाताच्या अंतरावर, पाणी तिच्या छातीच्या खाली.

पाण्याचं तुम्ही विचारलंत. औषध म्हणजे क्लोरीन. ते असायलाच हवं, दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. आमच्याकडं एक छोटी पेटी असते, दोन नळ्यांची. दोन्हींत तलावाचं पाणी भरायचं, एकीत क्लोरीनचे थेंब, दुसरीत सामूचे. पहिलीतलं पाणी पिवळं होतं, दुसरीतलं नारिंगी-गुलाबी, आणि बाजूच्या पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघायचं. पिवळा अगदीच फिका आला तर मी सकाळची पहिली बॅच थांबवतो. मग लोक चिडतात, ‘पाणी तर निळंशार दिसतं!’ निळा तर फरशीचा रंग असतो. मामाला म्हणा, ही नळी दाखवा असं विचारायला लाजू नको. ती दाखवायला कुरकुर होत असेल तर मी माझी लेकरं तिथं सोडणार नाही. आणि पेटीशिवायची एक खूण आहे. काठावर उभं राहून खोल बाजूच्या तळाची जाळी आणि पट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर घरी परत. जंतूंचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तळाशी गेलेलं पोरगं वरून दिसणार नाही.

उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीशी मिळून क्लोरीनचं जे दुसरंच रसायन बनतं, त्याचा तो वास. म्हणून पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली साबण लावून अंघोळ करायला लावतात, आणि लेकरांना आधी लघवीला पाठवतात. आपल्याकडं आणखी एक गोष्ट आड येते, डोक्याचं तेल. पोरगं शहरात जाणार म्हणून आई चपचपीत तेल लावून भांग पाडून देते. ते सगळं पाण्यावर तवंग होऊन तरंगतं आणि गाळणीच्या वाळूत जाऊन बसतं. तलावावर जायच्या दिवशी तेल नको. आधी साध्या पाण्यानं केस चिंब भिजवा, वर टोपी. भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. बाहेर आल्यावर पुन्हा अंघोळ, मग घरी जाऊन लावा हवं तितकं तेल.

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो आणि उघड्या तलावातलं क्लोरीन कडक उन्हात भराभर उडतं. दिवसभराची गर्दी झालेली, क्लोरीन उतरलेलं, अशा पाण्यात संध्याकाळची बॅच उतरते. सकाळी पाणी रात्रभर गाळलेलं, औषध ताजं, आणि काठावरची फरशीही पाय भाजत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर दुपारची बॅच असलीच तरी नकोच. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही इतकंच. जाण्याआधी माठाचं दोन पेले पाणी.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. नायलॉन-लायक्राचा पोशाख लागतो. सुती बनियन, जीन्सची हाफ पँट चालत नाही, कारण सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात आणि भिजलेलं सुती कापड अंगाला जड होतं. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोशाख सहज मिळतो. बहुतेक तलावांवर डॉक्टरचा दाखला, फोटो आणि आधारची प्रत मागतात, ती सोबत द्या. दाखला डॉक्टरकडून न तपासता घेऊ नका. फिट येत असेल, दमा असेल, कान फुटत असेल तर प्रशिक्षकाला आधी सांगावं लागतं. जुलाब, आलेले डोळे, गजकर्ण असलं की तलाव बंद, बरं वाटल्यावरही काही दिवस. टॉवेल आपापला.

आता तुम्ही न विचारलेलं. महिनाभरानं ही लेकरं गावात परत येतील, आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात तोवर मोकळी असतील, आणि गावात जीवरक्षक नाही. शिवाय आता विहिरीपेक्षा मला शेततळ्याची भीती वाटते. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेपासून गावोगावी तळी झाली. मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. बऱ्याच तळ्यांत प्लास्टिकची पन्नी अंथरलेली. ओली पन्नी, तिच्यावर बसलेलं शेवाळ आणि चारही बाजूंनी उतार. पाय टिकत नाही, हाताला काही लागत नाही. चांगला पोहणाराही काठाला पोहोचतो आणि तिथंच घसरत घसरत थकतो. पोहता येणं आणि पाण्यातून बाहेर निघता येणं या दोन गोष्टी आहेत, आणि पन्नीचं तळं दुसरीच मागतं.

म्हणून तलावावर मामाला सांगा, रोज शेवटची पाच मिनिटं शिडीशिवाय काठ चढायचा सराव दोघांकडून करून घे. तळहात काठावर, पाण्यात दोन लाथा, छाती वर, मग गुडघा. आणि तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या तळ्यात चारही बाजूंना खुंटीला बांधून जाड दोर सोडा, हातभर अंतरानं गाठी मारलेले. एका दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेली रिकामी पाच लिटरची कॅन. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं, ते पाण्याबाहेर ठेवायला एवढी कॅन पुरते. फवारणीची घेऊ नका, तेलाची घ्या. कुंपणाला पैसे नसतील तर निदान तुराट्यांची वई करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे तीन लाख लोक बुडून गेले, त्यातली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची बाळं. पोहायला शिकवण्याच्या वयाआधीच ती पाण्यापर्यंत रांगत जातात.

विहिरीतही एक नियम लावा, मोटर बंद करून, मेन स्विच पाडूनच उतरायचं. जुन्या केबलचं कातडं फाटलेलं असतं आणि पाण्यात करंट उतरतो.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी नको. आपल्याकडं एकामागे एक दोन-तीन जीव जातात ते याच घाईत. कॅन फेका, काठी पुढं करा, लुगड्याचा पदर नाही तर धोतर सोडा. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, डोक्यावर धरून फिरवणं, पोट दाबणं, चाकावर टाकणं, हे सगळं मी लहानपणी पाहिलंय, आणि त्यात वाया जातो तो वेळच जीव घेतो. सपाट जमिनीवर उताणं निजवा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, पुन्हा तसंच. मिनिटाला १०० ते १२० चा वेग, मोठ्या माणसाला दोन-सव्वादोन इंच खोल, लेकराला छातीच्या एक तृतीयांश. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. तलावावरच्या प्रशिक्षकाला विनंती केलीत तर उशीवर का होईना, दहा मिनिटांत शिकवतो. मी तरी कोणाला नाही म्हटलेलं नाही.

आणि ताई, एक विचारू? सगळं लेकरांचं विचारलंत, तुम्हाला येतं का पोहायला? कॅनलवर धुणं तुम्ही धुता, तळ्यावरून पाणी तुम्ही आणता, लेकरू पडलं तर पहिल्या धावणार तुम्ही. आठ-दहा दिवस माहेरी राहणार असाल तर बायकांची बॅच असते, तिथंही प्रशिक्षिका असेल तर बघा. माझ्याकडं पंचावन्न वर्षांच्या एका आजी नातीला सोडायला यायच्या. पहिले सहा दिवस काठावर बसून पाय बुडवले, सातव्या दिवशी टोपी विकत घेऊन आल्या. महिनाभरानं उताणं तरंगायला लागल्या आणि म्हणाल्या, “बापा, हे तं बाजेवर निजल्यावानीच हाये.” तेवढं जमलं तरी पुष्कळ.

पश्चिम विदर्भातले कोणी हे वाचत असतील आणि नागपूर लांब पडत असेल, तर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ पासूनची संस्था, स्वतःचा तलाव आहे. सुट्टीत गर्दी होते, आधी चौकशी करून जा.

मामाला एवढं नक्की सांगा. तिकीट काढलं की मोबाइल गाडीच्या डिक्कीत ठेव. फोटो शेवटच्या दिवशी काढता येतील, काठावर अंगं कोरडी करून बसवून.